पेटीतली अंडी आणि काकूंचं पुण्य

काकूंच्या सोवळ्याचा मला कधी राग आला नाही. सोवळं सांभाळून त्यांनी मला भाड्याची खोली दिली, भरल्या वांग्याची वाटी दिली, तापात उशाशी बसल्या. राग आहे तो त्यांनी माझ्या पेटीचं बटण बंद केलं आणि वर पुण्य पदरात पाडून घेतलं त्याचा. इतकी वर्षं झाली, तो अजून गेलेला नाही.

तेव्हा मी औरंगाबादेत प्राणिशास्त्रात संशोधन करत होते. कोंबडीचं पिल्लू अंड्यात पातळ पाण्याच्या एका पिशवीत वाढतं. त्या पाण्यात सुरुवातीला प्रथिनं नावालाच असतात. अर्धीअधिक वाढ झाली की अंड्यातला पांढरा भाग त्या पिशवीत उतरू लागतो आणि पिल्लू तो चक्क पितं. त्या पाण्यात कुठलं प्रथिन आधी येतं, कुठलं मागून, एवढंच मला पकडायचं होतं. सर म्हणाले होते, "एवढं दाखव, प्रबंध झाला समज." पण दोनदा विभागातली वीज गेली आणि अंडी वाया गेली. तिसऱ्या खेपेला अंडी पेटीत असतानाच दिवाळी आली. सुट्टीत विभाग उघडा ठेवायला कुणी तयार होईना. शेवटी उबवणीची लाकडी पेटी, आतले दिवे, अंडी, सगळं रिक्षात घालून मी समर्थनगरातल्या खोलीवर आणलं.

"मागच्या दारानं ने. आणि स्वयंपाकघराकडं फिरकू नको," काकू म्हणाल्या. बस्, एवढंच.

पाडव्याला त्या दारात उभ्या राहून पेटीकडं बघत होत्या. "पिल्लं कधी निघणार गं?"

"निघणार नाहीत, काकू. आधीच फोडायची. सुईनं आतलं पाणी काढून घ्यायचं."

"आणि पिल्लू?"

"मरतं."

मला गोड बोलून वेळ मारून नेता येत नाही. काकू आत गेल्या. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला मी लासूर स्टेशनला भावाकडं गेले. अंडी रोज कुशीवर फिरवावी लागत, माझ्यामागं त्याला काकू हात लावणार नव्हत्या, पण एक दिवस तशीच राहिली तरी चालणार होतं. ऊब तेवढी हवी होती.

परतले तर पेटीत अंधार. अंडी गार पडलेली. एकेक अंडं बॅटरीसमोर धरलं. एकातही हालचाल नव्हती. वीज गेली असेल म्हणून बघते तर काकूंच्या देवघरात विजेचा दिवा लख्ख जळत होता.

"मीच बंद केलं," काकू शांतपणे म्हणाल्या. "तू निघालीस तेव्हाच. सणासुदीला माझ्या घरात हत्या नको. ऊबच नाही म्हटल्यावर जीव धरणारच नाही. मग मारायचा प्रश्नच नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं वर्षाचं काम मातीत घालून ही बाई मला पापातून सोडवत होती! मेलेल्या पिल्लाभोवतालचं पाणी नासतं, त्यातून मला कपाळ कळणार होतं? "लई उपकार केलेत," मी ओरडले. "मी मारणार होते, पण मी मारतेय हे मला कळत तरी होतं!"

"माझ्या हातून काही मेलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मग मात्र मी थांबले नाही. काचेची बशी घेतली, त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आणि एक अंडं फोडलं. पाण्यासकट पिल्लू बशीत आलं. इवलीशी चोच, मिटलेले डोळे, पाठीवर पिसांची ओली लव.

काकूंनी पदर तोंडाला लावला. ओटा बाटल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्या बशीवर वाकल्या. मग हळूच विचारलं, "हे... असं कधी झालं?"

"तुम्ही बटण बंद केलंत ना, काकू," मी म्हणाले, "तेव्हा हे पाणी पीत होतं."