दोनदा मोजलेला थर

नाल्यातल्या पांढऱ्या दगडाची खालची बाजू मी पाहिली नाही, ही माझी पहिली चूक. ती नवशिक्याची होती. दुसरी चूक मी पूर्ण शुद्धीवर असताना केली, आणि हे सगळं लिहितो आहे ते तिच्यासाठी.

आमच्या कामाचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. भूगर्भाच्या पाहणीत मी नुकताच मदतनीस म्हणून लागलो होतो आणि सालेकसा-देवरीच्या मधल्या जंगलपट्ट्यात आमचा तळ पडला होता. जवळच्या गावात एक गोंड शेतकरी आणि त्याची बायको राहत. त्यांच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, वरच्या अंगाला; बोडीचं, गावच्या लहान तळ्याचं, पाणी तिथवर चढत नसे. पाऊस मधेच थांबला की धान उभं वाळायचं. आम्ही दगड तपासतो हे कळल्यावर तो माझ्याकडे आला.

"साहेब, गोट्यातलं तुमाले समजते म्हनतात. मंग पानी कोठं हाय ते सांगा ना."

डोंगराच्या पायथ्याशी कठीण पांढऱ्या दगडाचा एक पट्टा होता. त्याच्या भेगांतून झरा वाहायचा. बांध्यांच्या अलीकडे नाल्यात तसाच दुसरा पट्टा. दोन्ही दक्षिणेकडे कललेले. मी हिशेब केला: हे एकावर एक असे दोन थर, आणि वरचा तिरपा होत त्याच्या बांधीखालून जाणार. मी काठीने जमिनीवर खूण केली. "इथे खोदा. काळा दगड लागेल, घाबरू नका. त्याच्याखाली पांढरा, आणि त्यात पाणी."

"अन् नाही लागलं त?" त्याच्या बायकोने विचारलं.

"लागेलच," मी म्हणालो.

विहीर खोदायला तिथे मजूर लावत नसत. शेजारी येऊन हात लावायचे. जो आज आपल्याकडे आला, त्याच्या बांधीत धान रोवण्याच्या वेळी आपण जायचं. धान निघाल्याबरोबर काम सुरू झालं. सब्बल, घण आणि वर फेकलेल्या काळ्या दगडांचा ढीग. काळा दगड लागला तेव्हा लोक खूश झाले, कारण साहेबाने तसंच सांगितलं होतं.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी तंबूतली सतरंजी आवरताना मी ती पायाने भिंतीकडे रेटली. तिची घडी उठली आणि एका बाजूला लवंडली. सतरंजीवर लाल पट्टा एकच होता, तरी वरून पाहताना तो दोन ठिकाणी दिसला, दोन्हीकडे एकाच दिशेला कललेला. मी तसाच नाल्यावर गेलो आणि पाण्यात आडवा होऊन त्या दगडाच्या पोटाखाली पाहिलं. हा दगड मुळात वाळू होता तेव्हा तिच्यावर पाण्याने उठवलेल्या लाटांच्या रेघा, ज्या थराच्या वरच्या अंगाला असायला हव्यात, त्या खालच्या अंगाला होत्या. थर पालथा झाला होता. डोंगरातला आणि नाल्यातला पट्टा एकच होता. तो दक्षिणेकडे थोडा खाली जाऊन, बांधीपर्यंत पोचण्याआधीच वळून परतला होता. बांधीखाली होता तो त्याहून जुना, कोरडा काळा दगड, जो खरं तर पांढऱ्याच्या खाली असायचा.

आम्हाला तेव्हा शिकवलेलं होतं की पृथ्वी थंड होत आकसली आणि तिच्या कातडीला सुरकुत्या पडल्या. पुढे अभ्यासकांचं मत बदललं. जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं त्या काळात दोन भूखंड या पट्ट्यात एकमेकांना भिडले. मधला समुद्रतळ चेपला गेला, थरांच्या घड्या पडून त्या लवंडल्या, काही ठिकाणी तुटून एक तुकडा दुसऱ्यावर चढला. त्यामुळे इथे खालचं वर सापडतं.

नाल्यात मी उभा राहिलो तेव्हा बांधीतून घणाचे ठोके ऐकू येत होते. चालत गेलो असतो तर विडी संपायच्या आत पोचलो असतो. मी तंबूत परतलो आणि नकाशा दुरुस्त केला. दोन रेघा खोडून एक वळलेली रेघ काढली. वरिष्ठांनी पाठ थोपटली, म्हणाले, नजर तयार होते आहे. आठवडाभरात तळ हलला. निघताना तो शेतकरी भेटला, तेव्हा मी म्हणालो, "चालू द्या."

ते दोन उन्हाळे खोदत राहिले, हे मला फार नंतर एका बैलगाडीवाल्याकडून कळलं. पाणी लागलं नाही. शेजाऱ्यांच्या दिवसांची फेड करायला दोघं नवराबायको पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांध्या रोवत राहिली, आणि त्यांचं स्वतःचं रोवणं दोन्ही वर्षं इतकं उशिरा झालं की धान नीट भरलंच नाही.

मी परत त्या गावी गेलो तोवर वर्षं लोटली होती; जिल्हाही दुसऱ्या राज्यात गेला होता. देवरीच्या रस्त्यावर बसमधून उतरून चालत गेलो. दोघं अंगणात मोहफुलं पसरत होती. तिने मला आधी ओळखलं.

"आता कायले येऊन राहिले, साहेब? अजून एक खड्डा सांगाले?"

तो हसला. "बसू दे वो आधी त्याले."

मी बसलो आणि सांगू लागलो: भूखंड कसे भिडले, थर कसा पालथा झाला, भल्याभल्यांना तो कसा फसवतो. तो मान हलवत राहिला. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"गोट्याचं नोका सांगू. गोटा त लय जुना हाय, त्याले काय बोलाव? आमी खोदूनच राहिलो होतो तवा तुमाले समजलं होतं का नाही?"

"समजलं होतं."

"मंग तोंडात काय गोटा धरला होता?"

त्याचं हसणं थांबलं. इतका वेळ मी भूखंडांच्या आड बसलो होतो, हे मला तेव्हा उमगलं. मी उठून उभा राहिलो.

"नाल्यात होतो. घणाचा आवाज ऐकू येत होता," मी म्हणालो. "येऊन सांगायची लाज वाटली. तुम्हाला 'चालू द्या' म्हणालो तेव्हा खाली पाणी नाही हे मला माहीत होतं. दगडाची चूक नाही, माझी आहे. तुमच्या दोघांचे दोन पावसाळे मी वाया घालवले. मला माफ करा."