दही, ताक आणि हेल्मेट

आमच्या क्लबची मेडलं एका छोट्या कपाटात मावतात. किस्से कुठं ठेवावेत हा मात्र प्रश्नच आहे! आमगावात एका बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात मी पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतो. दिवसा शाळेत पीटीचा मास्तर, संध्याकाळी इथं कोच. पंचिंग बॅग म्हणजे कोंडा भरलेली पोती. जोरात ठोसा बसला की अख्ख्या क्लबला शिंका येतात. अशा ठिकाणी माणसानं गंभीर राहावं तरी कसं?

*

सुरुवातीला आमच्याकडे हेडगार्ड नव्हती. हेडगार्ड म्हणजे बॉक्सिंगमध्ये डोक्याला बांधतात ते गादीसारखं. आमची पोरं त्याला हेल्मेटच म्हणतात. ते घ्यायला मी गोंदियाला गेलो. सोबत पौर्णिमा होती, आमची सगळ्यात चांगली बॉक्सर. अकरावीतली पोरगी, अंगानं काडी, पण हात एकदम कडक.

दुकानदारानं आधी गाडीचं हेल्मेट दाखवलं, मग क्रिकेटचं. शेवटी माळ्यावरून खरं हेडगार्ड निघालं.

मी विचारलं, "ये टिकेगा क्या?"

त्याला ते लागलं. त्यानं हेडगार्ड स्वतःच्या डोक्याला बांधलं, छाती काढली आणि म्हणाला, "अरे सर, मारके देखो!"

तो मला म्हणाला होता. ऐकलं पौर्णिमानं!

बरं, तिनं मारलाही हळूच. तरी गडी मागच्या खोक्यावर जाऊन बसला. मी घाबरलो, पाणी मागवलं, पोरीला झापलं. त्यानं पाणी प्यायलं, हेडगार्डची गाठ सोडली आणि म्हणाला, "देखा? माल असली है!"

*

हेल्मेटं आली आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. आता डोक्याला काय होतंय! मग ओळखीच्या एका डॉक्टर मॅडमना मी क्लबात बोलावलं. पालकही आले होते.

मॅडमनी विचारलं, "कोणाच्या डब्यात दही आहे?"

खेमराज नावाचा आमचा एक खादाड बॉक्सर आहे. त्यानं अभिमानानं आपला डबा दिला. घट्ट, कवडीचं दही. मॅडमनी झाकण लावून तो डबा असा काही हलवला की विचारू नका.

"डबा फुटला का?"

"नाही!"

झाकण उघडलं. "आणि दही?"

"ताक!"

"हेल्मेट म्हणजे हा डबा," मॅडम म्हणाल्या. "वरून फुटणं, चिरणं वाचवतो, म्हणून तो घालायचाच. पण आतलं हलायचं ते हलतंच. मार बसल्यावर डोकं दुखलं, गरगरलं, अंधारी आली, तर त्या दिवशी खेळ बंद. मला दाखवायचं, आणि मी हो म्हणेपर्यंत रिंगणात पाय नाही."

पालकांचे चेहरे उतरले. तेवढ्यात खेमराज उठला.

"मॅडम, मंग मी आता भात कायच्या संगं खाऊ?"

त्या दिवसापासून आमच्याकडे शब्दच पडला. कोणाला ठोसा बसला की बाकीचे विचारतात, "का गा, ताक झालं का?"

*

मॅडमनी मला एक युक्तीही शिकवली होती. मार बसला की पोराला साधे प्रश्न विचारायचे. उत्तर चुकलं की खेळ बंदच. मी विचारायचो, "आज वार कोणता?"

पोरं फटकन सांगायची, "मंगळवार!" मी खूश.

एकदा मंगळवारी पाऊस झाला, गोदाम गळलं, म्हणून सामने गुरुवारी घेतले. खेमराजला एक बसला. मी विचारलं, "आज वार कोणता?"

"मंगळवार!"

मी लगेच सामना थांबवला. त्याला बसवलं आणि बाजूच्या पोराला म्हटलं, "पळ, पाणी आण. अन् तूच सांग याला, आज वार कोणता?"

तो म्हणाला, "मंगळवार!"

त्याच्या बाजूचा म्हणाला, "मंगळवार!" ज्यांना कोणी हातही लावला नव्हता त्या सगळ्यांचा मंगळवारच! आमचे सामने नेहमी मंगळवारी असतात, त्यामुळे पोरांना उत्तरच पाठ झालं होतं.

मी प्रश्न बदलला. वर्षाचे महिने उलटे म्हणायचे. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... आता कसे फसवतात बघू!

पुढच्या महिन्यात पाहतो तर पोरी दोरीवरच्या उड्या मारताना तालात तेच म्हणून राहिल्या होत्या. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर!

*

पौर्णिमाचे वडील सुखदासकाका धानाची शेती करतात. ते तिला मोटारसायकलवर आणून सोडायचे. डोक्याला दुपट्टा, हेल्मेट नाही. मी नियम काढला, गाडीवर हेल्मेट नाही तर क्लबात ग्लोव्हज नाहीत. पौर्णिमा घरी जाऊन रडली असणार, कारण दुसऱ्या दिवशी बापलेक दोघंही हेल्मेट घालून हजर.

काकांनी गाडी लावली, आत आले, भिंतीला टेकून सराव पाहत उभे राहिले. पण हेल्मेट काही काढेनात.

मी म्हटलं, "काका, आता तरी काढा."

"राहू द्या जी. तुमच्या पोरायचा का भरोसा!"

विभागीय स्पर्धेला तिला पाठवताना मात्र ते हसले नाहीत. "सर, घेऊन जा पोरीले," म्हणाले. "पन डोस्कं जसं नेऊन राहिले तसंच वापस पाहिजे मले."

मी शब्द दिला.

*

पौर्णिमा फायनलला पोचली. जिंकली की थेट राज्य स्पर्धा. आमच्या क्लबमधून तिथवर आजपर्यंत कोणी गेलं नव्हतं.

पहिला राऊंड आमचा. दुसराही आमचाच चालला होता. अगदी शेवटी समोरच्या पोरीचा एक ठोसा हिच्या कानशिलावर बसला. घंटा झाली. पौर्णिमा सरळ चालत आली, स्टुलावर बसली, नजरही सरळ. खरं सांगतो, तिनं सगळं बरोबर सांगावं असंच मला वाटत होतं. एकच तर राऊंड राहिला होता!

मी म्हटलं, "पौर्णिमा, महिने म्हण. उलटे."

तिनं ग्लोव्हज घातलेला हात माझ्या हातावर ठेवला.

"नोका विचारू जी. ते तं मले बेहोशीत बी येतीन."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताक झालं, सर."

मी पंचांना हात केला. लढत सोडली. हात समोरच्या पोरीचा वर गेला.

तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, मग दवाखान्यात नेलं. काळजीचं काही निघालं नाही. काही आठवडे पूर्ण आराम, मग डॉक्टरांनी पाहून हो म्हटलं की पुन्हा खेळायचं. पुढच्या वर्षीची स्पर्धा होतीच. पण पोरगी दवाखान्याच्या बाकावर बसून रडत होती.

संध्याकाळी सुखदासकाका आले. रेल्वेनं आले होते, तरी हेल्मेट हातात! मी त्यांना सगळं सांगितलं. ठोसा, महिने, तिनं काय म्हटलं ते. त्यांनी हेल्मेट बाकावर ठेवलं. मग पोरीजवळ बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळले.

"सर, तुमी शब्द पाळला नाही."

माझा चेहरा पडला.

"जसं नेलं होतं तसं कुठं वापस आनलं? पहिले एवढं चालत होतं का हे डोस्कं!"