शेवटच्या पाच पायऱ्या

इथे आखातात, मुहर्रक शहरात, मी घरून डबे देते. सित्रा भागातल्या कंपनीच्या बसमधून उतरून एकजण रोज डबा न्यायला येई. नाव मी कधी विचारलं नाही. मला बोलायला सुचत नाही. कबड्डीत त्याची चढाई कुणाला अडवता येत नाही म्हणत. पण दर महिन्याला अंगावर नव्या जागी पट्टी. "वहिनी, अंगात खेळ भरपूर आहे, अंगच कमी पडतं," असं तोच हसून म्हणायचा.

या वेळी गुडघा होता. जिन्यात एक पाऊल जड, एक हलकं वाजे. दारातून दिसणाऱ्या शेवटच्या पाच पायऱ्या मात्र तो सरळ चढायचा, कारण त्याच्या संघाचा कॅप्टनही माझ्याकडेच डब्याला यायचा. त्याची शिफ्ट वेगळी, गाठ पडायची ती इथेच.

शुक्रवारच्या सामन्यासाठी सोमवारी संघ निवडायचा होता. कॅप्टनने त्याच्यासमोरच मला विचारलं, "वहिनी, खरं सांगा, हा लंगडतो ना?"

मी डब्याचं झाकण दाबत म्हणाले, "मी आत पोळ्या लाटत असते. जिना चढताना मी याला कधी पाहिलं नाही."

खोटं नव्हतं. मी फक्त ऐकलं होतं.

मंगळवारी तो आला, तर दुसऱ्या पायाला पट्टी!

"अहो, हे काय?"

"संघात नाव बघून उडी मारली, वहिनी."

"आणि सामना?"

"खेळणार, इंशाल्ला!"

मग गुरुवारपर्यंत मी त्याचा डबा खिडकीतून दोरीने खाली सोडला. याचा डबा दोरीने का, असं कॅप्टनने विचारलंच तर 'जिना ओला आहे' हे खरं असावं, म्हणून रोज जिना धुतला. कॅप्टन बिचारा कठडा धरून, एकेक पायरी जपून चढत होता.