हद्दीचा दगड का हलत होता

त्या प्रकरणातलं पहिलं काही आठवत असेल, तर तो दगड. इतकी वर्षं झाली, पण तो डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि त्या दिवसांत तर जागेवर राहायलाच तयार नव्हता.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो. आमच्या ठाण्याचा मुलूख अर्धा कंपन्यांचा, अर्धा शेतांचा. आकुर्डीच्या बाजूला भोंगे वाजायचे आणि देहूकडे वळलं की बाजरीची वावरं नि कांद्याचे वाफे लागायचे. फिर्यादीही तशाच सरमिसळ. एकाची सायकल कंपनीच्या गेटावरून गेलेली, तर दुसऱ्याची शेळी. जमिनीच्या तक्रारी मात्र वाढत चालल्या होत्या. कंपनीसाठी जमिनी जाणार अशी आवई उठली की ज्याने जन्मात कधी आपल्या वावराची कड पाहिली नाही, तोही काठी घेऊन बांध मोजायला निघायचा.

अशाच एका सकाळी इंद्रायणीकाठच्या एका गावचे पोलीस पाटील सायकल मारत ठाण्यात आले. टोपीने घाम पुसत म्हणाले, "सायेब, आमच्या गावात दोन सख्खं भाव हायेत. थोरल्यानं कोयत्याला धार लावून आणलीय, धाकट्यानं कुऱ्हाडीला नवा दांडा घातलाय. आज ना उद्या एक तुमच्याकडं येनार नि एक वर जानार. तुमी येऊन जरा दम द्या."

"भांडण कशाचं?"

"दगडाचं."

मी हसलो नाही. जमिनीच्या दगडाला हसणारा फौजदार या भागात टिकत नाही. प्रत्येक सर्व्हे नंबरच्या कडेला सरकारी मोजणीचे दगड असतात. दगड ते दगड अशी हद्द, आणि त्या हद्दीवर न नांगरता सोडलेली पट्टी म्हणजे बांध. लोकांना वाटतं हद्द म्हणजे एक रेघ. तसं नाही. हद्दीला रुंदी असते. ही पट्टी दोन्हीकडच्यांनी राखायची, तिच्यावरून दोन्हीकडच्यांनी जायचं-यायचं. सरकारी दगड हलवणं हा गुन्हा. तसा अदखलपात्र, पण त्याच्या पोटात कधी खून निघेल ते सांगता येत नाही.

मी हवालदाराला घेऊन निघालो. हवालदार कोकणातला, रांगडा आणि बोलका. वाटेत पाटलांनी सगळी कथा सांगितली.

बाप गेल्यावर शेजारशेजारचे दोन सर्व्हे नंबर दोन भावांना आले होते. थोरला शेती बघायचा, दूध घालायचा. धाकटा कंपनीत पाळीवर जायचा. दोघांचं चांगलं होतं. एका हंगामात धाकट्याला सुट्टी मिळेना, म्हणून त्याने भाड्याचा ट्रॅक्टर लावला. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला बांध काय आणि वावर काय! त्याने बांधाची एक कड खाल्ली. थोरल्याला राग आला. त्याने पुढच्या हंगामात बैलांनी दुसरी कड खाल्ली. दोन-तीन हंगामांत बांध संपला आणि वावराला वावर भिडलं. मग एक दिवस तोंडं सुटली, आणि त्या भरात दोघांनीही आपापल्या बायकोला शपथ घातली, 'त्याच्या जमिनीत पाय टाकलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.'

"बायकांचा काय संबंध?" मी विचारलं.

"तेच तर, सायेब. दोघी सख्ख्या बहिणी. एका मांडवात दोघी दोघांना दिल्या. आता धाकटी पहिलटकरीण हाय, दिस भरत आल्यात. आय कवाच गेली, म्हायेरात कुनी न्हाई. बहीन हाकंच्या अंतरावर, पन शपथ आडवी. पोरीचं कसं व्हायाचं, ह्याचा सगळ्या गावाला घोर, फक्त ह्या दोन बैलांना न्हाई."

वावरात पोहोचलो. मधला दगड धाकट्याच्या शेतात हातभर आत रोवलेला होता. "बघा, सायेब, बघा ह्याची करणी!" असं धाकट्याने म्हणावं हे समजण्यासारखं होतं. पण थोरला तावातावाने म्हणाला, "आन् म्हैन्यामागं ह्योच दगड माज्या वावरात व्हता, तवा? तवा कुनी आणला?"

चौकशी केली तर ते खरं निघालं. दगड एकदा थोरल्याच्या जमिनीत सरकायचा, थोरला बोंबलायचा. पुढच्या खेपेला धाकट्याच्या जमिनीत, मग धाकटा बोंबलायचा. असं आळीपाळीने चाललं होतं.

"साहेब," हवालदार हळूच म्हणाला, "दगडाक पाय फुटले की काय?"

पोलिसांचा पहिला प्रश्न असतो, फायदा कुणाचा? इथे फायदा कुणाचाच नव्हता. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणारा चोर मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

दोघांना ठाण्यात आणलं आणि वेगवेगळं बसवलं. नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस मागितल्याशिवाय तपशील पुरवतो, खरं बोलणारा नुसता चिडतो. हे दोघेही नुसते चिडत होते. दुपारी घरून त्यांच्या भाकरी आल्या. हवालदार दोन्हीकडे चक्कर टाकून आला नि म्हणाला, "गंमत बघा, साहेब. दोघांच्या फडक्यात करडईचीच भाजी, आणि वरून दाण्याचं कूट. भांडण मेल्यांचं, पण चव एक."

मी दोघांना समज देऊन सोडलं. कोयता आणि कुऱ्हाड मात्र ठाण्यातच ठेवून घेतली.

काही दिवसांनी पाटलांचा निरोप आला. दगड मधे एकदा थोरल्याच्या वावरात जाऊन आला होता, आणि आता पुन्हा धाकट्याच्या अंगाला सरकला होता. कुणी हात लावू नका असा उलटा निरोप देऊन मी तडक गेलो. या खेपेला खुणा ताज्या होत्या. मी उकिडवा बसलो आणि बघत राहिलो.

दोन गोष्टी दिसल्या. दगड सरकवणारा घाईत असतो, तो दगड कसाबसा रोवतो आणि पळतो. इथे दगड नीट बसवून भोवतीची माती ओल्या हाताने थापली होती, बोटांच्या ओळी एका दिशेने गोल फिरवलेल्या. अशी माती मी लहानपणी रोज पाहिली होती. माझी आई चुलीला पोतेरं द्यायची, तेव्हा अशाच ओळी उठायच्या.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची होती. दगड ढकलला होता धाकट्याच्या जमिनीत, पण पावलं सगळी थोरल्याच्या बाजूला. दगडाच्या मूळ खड्ड्यापर्यंत येऊन थांबलेली. त्याच्यापुढे अंगठासुद्धा टेकलेला नव्हता. दगड पहारीने लांबून रेटला होता, माती ओणवून हात लांबवून थापली होती. हद्द सरकवणारा माणूस हद्द ओलांडायला मात्र तयार नव्हता!

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा, असा कायदा आहे. पाटलांना बरोबर घेऊन मी थोरल्याच्या घरी गेलो. थोरला दूध घालायला गेला होता. थोरली बाहेर आली. उंच, हाडापेराने दणकट, पदर खोचलेला. मी काही विचारलं नाही. म्हटलं, "बाई, मोजमाप घ्यायचंय. जरा फीत धरायला वावरात चला."

ती आली. मी फितीचं एक टोक तिच्या हातात दिलं. "हे धरून त्या पलीकडच्या बाभळीपर्यंत जा."

ती चालत गेली. खड्ड्यापाशी पोहोचली आणि थांबली.

"पुढं जा."

"न्हाई, सायेब."

"का?"

तिने पलीकडे पाहिलं. पलीकडच्या खोपटातून धाकटी बाहेर आली होती. कमरेवर हात ठेवून जडपणाने चालत ती आपल्या बाजूने आली आणि थोडी लांबच थांबली. नाक-डोळे हुबेहूब बहिणीचे, फक्त चेहरा ओढलेला. तिकडूनच म्हणाली, "आक्का, सांगून टाक त्यास्नी. माज्यापायी किती दिस पहार उचलशील?"

थोरलीने फीत खाली ठेवली. "व्हय, सायेब. मीच हलवला."

"का?"

"हिला मी कडंवर घिऊन वाढवली. आता हिचं दिस भरल्यात, नि माझी पावलं हितं थांबत्यात. बोलनं पलीकडं जातं, सायेब, हात जात न्हाई. बांध व्हता तवा आमी दोघी बांधावर बसायचो. बांध दोघांचा असतोय. आमच्या म्हायेरी मोजणी झाली तवा मोजणीवाल्यानंच सांगितलं व्हतं. बांध ऱ्हायला असता, तर त्यावर पाय ठिवून शपथ मोडली नसती. ह्या दोघांनी बांधच खाल्ला. आता नुस्ती रेघ ऱ्हायली, नि तीबी खरी कुठं हाय कुनाला ठावं? माजं पाऊल चुकलं तर धन्याच्या जिवाशी खेळ."

"मग मोजणी मागवायची."

"अर्जाला खातेदार लागतोय. आमी कुठल्या खातेदार? ह्यांना म्हणलं, तर म्हणत्यात, त्यानं करावा अर्ज, मी का करू? त्योबी तसंच म्हणतोय. म्हणलं, दगड हलला की दोघंबी वरडतील, मग सरकार यील नि बांध घालून दील."

"आणि एकदा इकडे, एकदा तिकडे, ते कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळचट विचारलंय. "एकाचंच नुकसान कसं करायचं? दोघंबी आपलीच."

मला हसू आलं, आणि मी खाली वाकून फीत गुंडाळू लागलो. पाटील उगाच बाभळीच्या शेंगा बघायला लागले. कायद्याच्या नजरेने समोर आरोपी उभी होती, कबुलीसकट. माझ्या नजरेला ती माझ्या थोरल्या बहिणीसारखी दिसत होती, आणि ते मी आज उघड सांगतो.

दुसऱ्या दिवशी दोघा भावांना बोलावलं. म्हटलं, "दगड कुणी हलवला ते मला कळलंय. तुमच्यापैकी कुणी नाही. नाव सांगणार नाही, कारण सांगितलं तर तुम्हाला घरी तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आता दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज करायचा. नाहीतर शांतताभंगाचा चॅप्टर लावून दोघांकडून जामीन घेईन. बोला." दोघांनी सह्या केल्या, एकमेकांकडे पाठ करून. पाठोपाठ मीही तहसीलदारांना कळवलं, की दंग्याची भीती आहे, मोजणी लवकर व्हावी.

मोजणीला मी मुद्दाम हजर राहिलो. सर्व्हेअरने नकाशा पसरला, साखळी टाकली, मूळ हद्द काढली, दगड मुळात होता तिथे बसवला. मग दोन्ही बाजूंना चुना टाकून बांधाची पट्टी आखली आणि भावांना बजावलं, "या चुन्याच्या आत नांगर घालायचा नाही. दोघांनीही."

थोरली पदर सावरत पुढे आली. "ही पट्टी कुनाची म्हनायची, सायेब?"

"दोघांची," सर्व्हेअर म्हणाला. "एकट्याची कुणाचीच नाही."

"मंग हितं उभं ऱ्हायलं, तर दुसऱ्याच्या जमिनीत पाय पडला असं व्हतं का?"

सर्व्हेअर गोंधळला. असा प्रश्न त्याला कुठल्याच परीक्षेत आला नसणार. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही होत." निवाडा देणं हे फौजदाराचं काम नव्हे. तेवढा एक मी दिला.

थोरली घरात गेली, तेलाची वाटी घेऊन आली आणि चुन्याच्या दोन रेघांच्या मध्ये बसली. पलीकडून धाकटी आली आणि तिच्यासमोर टेकली. थोरलीने तेलाचा हात तिच्या पायांवरून फिरवला, मग पोटावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. धाकटी रडत होती. भावांना तेव्हा कळलं, दगड कुणी हलवला आणि का. धाकटा मान खाली घालून विहिरीकडे निघून गेला. थोरला साखळी गुंडाळायला मदत करू लागला, न सांगता.

शपथ मात्र दोघांनीही सोडली नाही. पुरुषाचा हट्ट, तो असा एका दुपारी मोडत नाही.

पुढचं मला पाटलांनी सांगितलं. एका सकाळी धाकटा पाळीवर गेलेला असताना धाकटीला कळा सुरू झाल्या. तिची हाक आली. थोरली धावत बांधापर्यंत आली आणि चुन्याच्या पलीकडच्या रेघेवर थबकली. पुढे एक पाऊल, आणि त्या पावलावर नवऱ्याचा जीव. तिने वळून पाहिलं. थोरला बैल सोडत होता. तो तिथूनच ओरडला, "सुटली शपथ! पळ की, बघतीस काय!" मग बैलगाडी जुंपून तो स्वतःच त्या बांधावरून भावाच्या वावरात घुसला.

मुलगी झाली. आठवड्याने दोघे भाऊ एकाच सायकलवर डबलसीट ठाण्यात आले. धाकट्याने जिलबीचा पुडा माझ्यासमोर ठेवला. थोरला म्हणाला, "सायेब, आमचा कोयता नि कुऱ्हाड मिळंल का? लाकडं फोडायची हायेत, बाळंतिणीला पाणी तापवायला." मी दोन्ही वस्तू पावती करून परत दिल्या.

बदल्या होत गेल्या. बऱ्याच वर्षांनी निवडणुकीच्या बंदोबस्ताला त्या बाजूला जाणं झालं. तेव्हा एका कंपनीसाठी त्या शेतांची मोजणी चालू होती. मी जीप थांबवली. नवीन सर्व्हेअर वैतागला होता. बांध नियमापेक्षा कितीतरी रुंद निघाला होता. दर हंगामाला दोघेही आपला नांगर बांधापासून थोडा अलीकडेच वळवत आले होते, कोण जास्त सोडतो याची जणू चढाओढ. बांधावर एक कडुनिंब चांगला वाढला होता आणि त्याच्या सावलीत दोघी बहिणी बसल्या होत्या. मधे वेणी घालून घेणारी एक मुलगी.

"अहो, तुमची दोघांचीही जमीन कमी भरतेय," सर्व्हेअर म्हणत होता. "बांध इतका कशाला वाढवलात?"

थोरला शांतपणे म्हणाला, "भरू द्या कमी. त्यांना बसायला लागतंय."

माझ्या नोकरीत बांध कोरणारे रोज भेटले. डोकी फोडणारे भेटले, कोर्टात म्हातारे झालेले भेटले. हद्द माणसं तोडते असंच मी तोवर मानत आलो होतो. हद्द नीट आखली, आणि तिला तिची कायद्याची रुंदी दिली, तर तिच्यावर माणसांना एकत्र बसताही येतं, हे मला त्या बाईने शिकवलं. आणि बांधाला आपलं वावर चारणारे भाऊ मी पुन्हा कुठे पाहिले नाहीत.

दगड हलवल्याची ती अदखलपात्र नोंद ठाण्याच्या वहीत शेवटपर्यंत 'अज्ञात इसम' अशीच राहिली.