जुन्या कंट्रोलरला लागणारा वेळ
हेब्बाळच्या आमच्या लॅबमधल्या जुन्या सर्व्हरवर नवा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, टाकला आणि त्याला डिस्क दिसेनाशा झाल्या. जुन्या आणि नव्या कर्नलमधले बदल निम्मे-निम्मे करत मी तपासत गेलो. दरवेळी कर्नल बिल्ड करायचा, मशीन चालू करायचं, स्क्रीनकडे बघत बसायचं. पुढे पुढे चिडायचंही सुचेना. शेवटी सापडलं. डिस्क चालवणारा स्टोरेज कंट्रोलर जागा होईपर्यंत थांबायची कोडमधली ओळ कुणीतरी काढून टाकली होती. कारण दिलं होतं, इतका जुना कंट्रोलर आता कोणी वापरत नाही. आम्ही वापरत होतो. मी ओळ परत घातली, डिस्क दिसल्या. साहेब कन्नडमध्ये नुसतं "सरी", म्हणजे ठीक, म्हणाले. मग म्हणाले, "आता डेटा काढून घ्या आणि हे भंगारात द्या." डेटा काढून मी मशीन बंद करायला घेतलं. त्यालाही वेळ लागला. मी थांबलो.