पेवातली मधली जवारी

मालकांनी माप हातभर वर धरलं आणि तिथूनच माझ्या पदरात रिकामं केलं. शिवाशिव नको म्हणून. निम्मी जवारी धुळीत सांडली. मी वाकून वेचायला लागले तसे मालक हसले, "बघा, कोंबडीला शिकवाया लागत न्हाई."

पदरात पडली ती काळी, बुरसलेली. कडेची. मला ठाऊक होतं, पेवातून ती मीच काढली होती.

निजामाचं राज्य. दुष्काळात गाव मरू नये म्हणून सरकार सुगीला घरटी जवारी घेऊन जमिनीतल्या पेवात भरून ठेवायचं. आमच्या महारवाड्यानंही घातली होती. कडेची ओल धरते, मधली चांगली राहते. पेवाचं तोंड अरुंद, आत कोंडलेली हवा. आधी कंदील सोडायचे. तो विझला नाही की दोराला बांधून मला. मी अंगानं बारीक. दुसरीतून शाळा सुटली, पुसेगावाहून पोटासाठी इथं शिरडला मावशीकडे आले. पेवाचा कारभार बघणाऱ्या मालकांनी काम दिलं, त्या उपकारानं मान वर होत नसे. आत मी हातानं भरलेलं टोपलं गावाला चालायचं. वर आले की मी लांब.

दुसऱ्या दिवशी पेवात उतरून मी कमरेचा दोर सोडला, तोच मालकांचा आवाज आला, "मधली गावाला भर. कडेची तुमच्या वाड्याला."

कडेची खाऊन मावशीचं लेकरू ओकून ओकून निपचित पडलं होतं.

"मालक, पहिलं टोपलं आमच्या वाड्याचं. मधल्या जवारीचं. न्हाईतर मी भरत न्हाई."

वाटप तपासायला आलेले सरकारचे गिरदावरसाहेब वरच उभे होते. "क्या बोल रही?"

"माजलीय, साहेब. दोर घ्या रे वर."

दोर गेला. भिंत सरळ, धरायला काही नाही. श्वास जड व्हायला लागला. वर मावशी रडून राहिली होती, "पोरी, पाया पड त्यांच्या." मला पडावंसं वाटलं. खरंच. पण पाया पडायला तरी वर यावं लागतं.

मी जवारीवर बसून राहिले. रांगेतल्या बाया कुरकुरायला लागल्या, "काहून थांबलं?" दुसरं कुणी उतरेना. शेवटी दोर आला, टोपलं बांधलेला. मी मधली भरली. वरून मावशी "मिळाली" म्हणेपर्यंत दुसऱ्या टोपल्याला हात लावला नाही.

संध्याकाळी मालकांनी कामावरून काढलं. "चांगले उपकार फेडलेस."

त्या पेवात आमचीही जवारी होती. उपकार कसले?

आता कुठंही सरकारी धान्य वाटत असले की मी पदर पसरत नाही. भांडं नेते. मापाला टेकवून धरते. शिवलं तर शिवलं. भरल्याशिवाय हलत नाही.