तुटलेली पट्टी आणि नवं ब्लेड

सांगायला लाज वाटते, पण चहा मांडलाच आहे तर ऐका. एका कॅसेटपायी माझ्या दारात थेट यवतमाळहून जीप आली होती.

बाभुळगावात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान. कापसाची वाईट वर्षं चालू होती तेव्हा. कोणाच्या घरी काय होईल याचा नेम नव्हता, म्हणून सगळी आळी एकमेकांवर डोळा ठेवून असायची. कोणी एक वेळ जेवलं नाही तरी शेजारी विचारायला यायचा. हे मला माहीत नव्हतं का? होतं ना. तरी मी जे करायचं तेच केलं.

माझ्याकडे एका विलायती हार्ड रॉक बँडची कॅसेट होती. आयटीआयला असताना नागपूरच्या फुटपाथवर घेतलेली. शब्द एक कळत नसे, पण गिटार सुरू झालं की अंगातून थ्री-फेज करंट गेल्यासारखं व्हायचं. दुकान उघडताना एक बाजू, बंद करताना दुसरी. बारा वर्षं हा नेम चुकला नाही. लग्न मात्र राहून गेलं.

एक दिवस टेपरेकॉर्डरनं कॅसेट गिळली. पट्टी तुटली. मी दुकान बंद करून घरी आलो, भरल्या ताटावरून उठलो आणि आईला म्हणालो, "आई, आता संपलं सगळं."

काय संपलं, ते सांगितलं नाही. तिला काय कळणार, असा माझा शहाणपणा!

सकाळी डोकं शांत झालं. पट्टी कापून, चिकटपट्टी लावून जोडता येते. फक्त नवं, धारदार ब्लेड पाहिजे. आईला मागितलं, तर तिची भाकर तव्यावर करपली. ब्लेड नाही म्हणाली. शेजारच्या नामदेवकाकांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते, अर्ध्या गालाला साबण.

"म्या दाढी करणं सोडलं बापा," काका म्हणाले.

किराणावाल्यानंही नाही म्हटलं, वर चहा पाजला. मी वैतागून त्याला सांगितलं, "पाच मिन्टाचं काम हाये भाऊ. एकदाचं झालं का मले शांती भेटते."

आता तुम्हीच सांगा, याहून वाईट वाक्य मला शोधूनही सापडलं असतं का?

घरी आलो तर विळी, कात्री काकांकडे गेलेली. मला वाटलं, त्यांच्याकडे काही कार्यक्रम असेल.

दुपारी जीप आली. गावोगाव फिरून लोकांची विचारपूस करणाऱ्या एक मॅडम उतरल्या. काकांनी फोन करून बोलावलं होतं त्यांना. आई आणि काका दारात उभे. मॅडम माझ्यासमोर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, मन मोकळं करा. काय झालं?"

मला भरून आलं. चला, कोणीतरी विचारणारं भेटलं.

"बारा वर्षांची साथ होती मॅडम. एका मिन्टात तुटली."

"दोष कोणाचा?"

"माह्याच. दिवसातून दोन-दोनदा, जरा आराम देला नाही."

मॅडमनी खाली पाहिलं. मग जपून विचारलं, "त्या आता कुठे असतात?"

मी खिशातून कॅसेट काढून त्यांच्या हातावर ठेवली. पट्टी बाहेर लोंबत होती.

आई दारातच खाली बसली. म्हणाली, "रातभर तुह्या श्वासाकडं कान लावून बसली होती मी." एवढंच. माझी मान वर होईना. एक वाक्य, फक्त 'कॅसेट तुटली' एवढं सांगायला माझं काय जात होतं?

मॅडम मात्र चिडल्या नाहीत. असंच बोलावत जा, म्हणाल्या, दहा वेळा चुकीचं निघालं तरी चालेल. काकांनी घरून ब्लेड आणलं. सगळ्यांसमोर मी पट्टी जोडली. लावा बघू, मॅडम म्हणाल्या.

दुकानातून टेपरेकॉर्डर आणून लावली. गिटार किंचाळलं, गायक त्याच्याहून जास्त. मी डोळे मिटून मान हलवू लागलो. गाणं संपलं तेव्हा मॅडम चपला घालत होत्या. काकांनी त्यांची वाट अडवली.

"मॅडम, इतक्यात जाऊ नोका," ते म्हणाले. "पोराले खरंच काहीतरी झालं हाये."